तेच तेच काढणारा ललितदादा

ललितदादाला एकच गोष्ट दोनदा ऐकवत नाही. माझी आई वाढताना "अजून घे, अजून घे" म्हणाली की हा ताटावर हात आडवा धरतो आणि म्हणतो, "काकू, ऐकलं एकदा." फोनवर मी "बरं, बरं" म्हटलं तरी याच्या कपाळाला आठी. हा माझा चुलतभाऊ. राहतो नाशिकच्या इंदिरानगरला, आणि पोट भरतो ते जगातलं तेच तेच काढून टाकण्यावर.

काम काय, तर कंपन्यांकडे मजकुराच्या अवाढव्य फायली असतात, लाखो ओळींच्या. साध्या प्रोग्रॅममध्ये उघडायला गेलं की कॉम्प्युटर मान टाकतो. ललितदादा त्या उघडतच नाही. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत एकेका शब्दाचे हुकूम टाइप करतो. पहिला हुकूम सॉर्ट. तो सगळ्या ओळी अक्षरांच्या क्रमाने लावतो, म्हणजे सारख्या ओळी आपोआप शेजारी येऊन बसतात. दुसरा युनिक. तो शेजारच्या सारख्या ओळींतली एक ठेवतो आणि बाकीच्या हाकलून देतो. "आधी लावायचं, मग काढायचं. न लावता काढलं तर लांबलांबची सुटतात." हे वाक्य मात्र त्याने मला इतक्यांदा ऐकवलंय की झोपेत म्हणून दाखवीन.

आणि गंमत बघा, हा वाढला तो सगळं दोनदा बोलावं लागणाऱ्या घरात. म्हणजे आमच्या. त्याचे आईवडील लांब पेठ तालुक्यात, म्हणून आठवीपासून तो एकलहऱ्याला आमच्याकडे राहून शिकला. माझे बाबा, धोंडीराम, तिथल्या वीज केंद्रात होते. टर्बाइनच्या आवाजात सगळी नोकरी गेली आणि नोकरीबरोबर कानही गेले. "परत बोल रे" हे बाबांचं ठरलेलं वाक्य. दादाचा कॉम्प्युटरचा क्लास नाशिकरोडला होता. बाबा ड्युटीवरून येऊन त्याला एम-एटी गाडीवर सोडायचे आणि क्लास सुटेपर्यंत बाहेर रसवंतीच्या बाकावर बसून राहायचे. परत येताना विचारायचे, आज काय शिकवलं? हा मागून सांगायचा. गाडीच्या आवाजात ऐकू यायचं नाही. मग "परत बोल", आणि हा त्यांच्या कानाशी ओरडून सांगायचा. बाबांना त्यातलं अक्षर कळत नसे. पण घरी येऊन आईला असं सांगायचे, की क्लास जणू यांनीच केलाय.

गेल्या थंडीत बाबा गेले. इंदिरानगर ते एकलहरे अर्ध्या तासाचा रस्ता, तरी ललितदादा मातीला आला नाही. मोठी फाइल संध्याकाळी द्यायची होती आणि साहेब सोडेना, असं कारण. मला त्याचा इतका राग आला होता की दहाव्याला आला तेव्हा मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. आई मात्र काहीच बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं तो मला नंतर म्हणाला.

दहावा झाल्यावर आईने एक गोष्ट मागितली. तिला वाचता येत नाही. बाबांच्या फोनवर लोकांनी काय काय लिहिलंय ते कुणीतरी वाचून दाखवावं, म्हणजे कोणाकोणाला यांची आठवण आहे ते कळेल, एवढंच तिचं म्हणणं. मी तो गावाचा, नातेवाइकांचा आणि वीज केंद्रातल्या जुन्या मंडळींचा मोठा ग्रुप उघडला आणि हबकले. वर्षानुवर्षांची "शुभ सकाळ", सत्यनारायणाची आमंत्रणं, कांद्याचे भाव, आणि त्यात कुठेतरी माझे बाबा. सगळं फाइलमध्ये काढून मी ललितदादाला पाठवलं. तो लगेच म्हणाला, "मिळालं. साफ करून आणतो." त्याला काहीतरी करायला मिळालं म्हणून बरं वाटलं होतं, ते आवाजातून कळत होतं.

रविवारी दुपारी तो लॅपटॉप घेऊन आला. आई ओट्यावर बसली होती. दादा वाचू लागला आणि पाच मिनिटांत वाचून मोकळा झाला. वीसेक वेगवेगळ्या ओळी होत्या, बस.

"झालं?" आई म्हणाली. "एवढी माणसं मातीला व्हती, आन् फोनमदी एवढीच?"

"लिहिणारी माणसं दोन-अडीचशे आहेत, काकू. पण बाकीच्यांनी तेच तेच लिहिलंय. मी काका गेल्यानंतरचं तेवढं घेतलं, नावं आणि तारखा काढून टाकल्या, ओळी लावल्या, दुबार होत्या त्या उडवल्या."

आईला दुबार म्हणजे काय ते समजायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "आरं, दारात येऊन सगळेच म्हणत व्हते, वाईट झालं, वाईट झालं. म्हणून दुसऱ्याला काय मी माघारी धाडला? सगळ्यांची नावं घे. कोण आलं ते मला ऐकायचंय, काय बोललं ते नाय."

दादा ओशाळला. त्याने मूळ फाइल पुन्हा घेतली. या वेळी नावं राहू दिली, एकाच माणसाने तेच दोनदा पाठवलं असेल तेवढंच काढलं, आणि सगळं नावाप्रमाणे लावलं. मी त्याच्या मागे उभी होते. यादी वर सरकवत असताना तो मध्येच थांबला आणि त्याचे कान लाल झाले. मी वाकून पाहिलं.

फाइल बाबांच्या फोनमधली, म्हणून नावं बाबांनी ठेवलेली. ते सांगायचे, मी टाइप करायचे. कारभारी बॉयलर. बहिरू टेंपो. आणि तिथे होतं: "ललित आपला." पुढे मजकूर, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाठवला होता तोच, अक्षर न् अक्षर उचललेला: "भावपूर्ण श्रद्धांजली. धोंडीराम साहेबांच्या कुटुंबीयांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

कुटुंबीयांच्या! आमच्या ताटात जेवून वाढलेला हा मुलगा, आणि आमच्याच दुःखात बाहेरून सहभागी झाला होता. पहिल्या वेळी नावं काढली होती, म्हणून त्याची ओळ दुसऱ्यांच्या ओळीत गडप झाली आणि त्याच्याही लक्षात आलं नव्हतं. आता त्याचं बोट कितीतरी वेळ त्या ओळीवर होतं. एक बटण दाबलं की गेली असती. पण काढली तर आई विचारणार, तुझं कुठाय रे? आणि ठेवली तर वाचावी लागणार. मी त्याला काही सुचवलं नाही. मला खरं तर बघायचंच होतं, हा काय करतो ते.

त्याने ती ठेवली आणि वाचायला सुरुवात केली.

"कारभारी बॉयलर. भावपूर्ण श्रद्धांजली..."

"यांच्या डब्यातली भाकर खायचा," आई म्हणाली. "हं."

"चैताली नर्सबाई. भावपूर्ण श्रद्धांजली..."

"लय गुणाची पोरगी. हिनंच बीपी बघितला व्हता." असं प्रत्येक नावाला आईचं काहीतरी होतं. बहिरू आमच्या झेंडूच्या फुलांचे क्रेट बाजारात नेतो, भारतच्या लग्नात बाबा नाचले होते. मजकूर तोच, पण आईला एकदाही कंटाळा आला नाही. कंटाळा तर सोडाच, गेल्या कित्येक दिवसांत ती पहिल्यांदा हसताना दिसली. दादाचा आवाज मात्र उतरत चालला होता. क्रम त्यानेच लावला होता. ब झाला, भ झाला, आता कोणतं अक्षर येणार हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"रुद्र क्रिकेट. भावपूर्ण श्रद्धांजली..."

"धाव्वीला नापास झाला, तवा यांनीच धीर दिला त्याला. हं, पुढं."

दादाने लॅपटॉपवरून नजर काढली नाही. "ललित आपला," तो म्हणाला. मग एका दमात, पुटपुटल्यासारखं, पुढची ओळ वाचून टाकली.

इतक्या नावांत पहिल्यांदाच आईकडे सांगायला काही नव्हतं. मला मघापासून राग होता, पण त्याची खाली गेलेली मान बघून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऐकू नाय आलं," आई म्हणाली. "परत बोल."

आईचे कान चांगले आहेत. गल्लीच्या तोंडाशी बहिरूचा टेंपो वळला की तिला आतल्या खोलीत कळतं. दादालाही ते माहीत आहे.

त्याने परत वाचलं. या वेळी मोठ्याने, गाडीवर मागे बसून बाबांच्या कानाशी ओरडायचा तसं. "कुटुंबीयांच्या" म्हणताना त्याचा आवाज फुटला, पण ओळ त्याने शेवटपर्यंत वाचली.

"हं," आई म्हणाली. "पुढं कोण?"

"शुभांगी," दादा म्हणाला. त्याने बाहीने डोळे पुसले आणि वाचू लागला.