तीन शिफ्टचा शिंपला

कासारवाडीत साहेबरावांकडे लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेला माणूस आधी तारीख सांगत नाही, शिफ्ट विचारतो. "फर्स्ट असेल तर हळदीला या, सेकंड असेल तर लवकर जेवून निघा, आणि थर्ड असेल तर वहिनींना पाठवा," असं म्हणून पत्रिका टेबलावर ठेवतो. साहेबरावांची सगळी नोकरी चाकणच्या गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेली. एक आठवडा पहाटे नाशिक फाट्यावर कंपनीच्या बसची वाट बघायची, पुढचा आठवडा दुपारी, त्याच्या पुढचा रात्री. त्यामुळे या घरात कधी पोहे संध्याकाळी होतात आणि आमटी-भात सकाळी. त्यांच्या बायकोला, कस्तुराबाईंना, आता त्यात वेगळं काही वाटत नाही. पाव्हणेच घड्याळाकडे बघतात.

असा माणूस समुद्र पाळायला बसेल असं कुणाच्या मनात आलं नसतं. पण कंपनीतल्या एका इंजिनिअरची बदली झाली आणि जाताना तो आपली काचेची टाकी साहेबरावांना देऊन गेला. खाऱ्या पाण्याची, आत दगड, प्रवाळ आणि दोन नारिंगी मासे. साहेबरावांनी ती टेम्पोतून आणली आणि टीव्हीच्या जागी मांडली. टीव्ही कपाटावर गेला. तेव्हापासून मालिका बघायची तर विमान बघितल्यासारखी मान वर करावी लागते.

कस्तुराबाई रोज त्रिसरण-पंचशील म्हणणाऱ्या, पौर्णिमेचा उपोसथाचा उपास कधी न चुकवणाऱ्या. त्यांनी टाकी दारात अडवली नाही, पण अट घातली.

"जीव आणताय तर सांभाळा. माझ्या घरात हयगयीने कुणी मेलं, तर मी विहारात कोणत्या तोंडाने शील घ्यायचं?"

"अगं, एवढाल्या मशिनी सांभाळतो मी," साहेबराव म्हणाले.

आणि त्यांनी खरंच सांभाळलं. भाजीत मीठ कमी पडलंय की जास्त, हे ज्या माणसाला संसारात एकदाही सांगता आलं नाही, तो बादलीत समुद्राचं मीठ कालवून एका बारक्या नळीला डोळा लावायचा आणि म्हणायचा, "किंचित खारट झालंय." वीज गेली की घरातला पंखा बंद, टाकीचा पंप मात्र इन्व्हर्टरवर चालू. पाण्यात चुना किती, क्षार किती, हे थेंब टाकून तपासायचं आणि भिंतीवरच्या तक्त्यावर भरायचं. तक्ता कंपनीत असतो तसाच होता. वर-खाली लाल रेघा, मध्ये टिंबं, आणि टिंब रेघेबाहेर गेलेलं खपणार नाही.

मग एक दिवस पिंपळे गुरवच्या शेखरच्या दुकानातून शिंपला आला.

"परदेशात शिंपल्यांच्या शेतात वाढवलेला आहे, भाऊ. सगळे कागद सोबत," शेखर म्हणाला. "आपल्या समुद्रातला उचलला तर गुन्हा होतो."

फोनवर लेकीला हे कळलं. भाग्यश्री वाकडला नोकरी करते आणि तिकडेच नांदते. ती म्हणाली, "पप्पा, जावयाचे एवढे कागद बघितले होते का?"

शिंपला तळहाताएवढा. पण तोंड उघडलं की आतून निळाजांभळा मखमली ओठ बाहेर येऊन शिंपीच्या काठावरून सांडायचा, त्यावर हिरवे ठिपके. वरच्या मजल्यावरच्या घरमालकीण शालनबाई, गावठाणातल्या जुन्या शेतकरी घरच्या, खास तो बघायला खाली आल्या. चष्मा काचेला टेकवून पुष्कळ वेळ बघत बसल्या.

"कस्तुरे, ह्या रंगाचं लुगडं कुटं मिळंल गं?" आणि जरा वेळाने, "ह्यो खातो काय?"

"उजेड."

"गप ए."

"खरंच. त्याच्या ओठात म्हणे बारीक शेवाळ राहतं. ते उजेडावर रांधतं आणि हा आयतं जेवतो. पाण्यातलंही थोडं गाळून घेतो, पण मुख्य जेवण उजेडाचं."

"म्हंजी जागचा हालायचं न्हाई, तोंड उगडून बसायचं, आन् दुसऱ्यानं रांधायचं," शालनबाई उठता उठता म्हणाल्या. "आमच्यात पण हाय एक."

उजेडाचा दिवा टाकीवर टांगलेला होता आणि त्याला आपोआप लावणारं-मालवणारं घड्याळाचं बटण होतं. शेखरने सांगितलं होतं, रोज दहा तास द्या. साहेबरावांनी दहा तास दिले. फक्त ते दहा तास स्वतःच्या शिफ्टला बांधले. आपण घरी आलो की याचा दिवस उगवला पाहिजे. फर्स्टच्या आठवड्यात दिवा दुपारनंतर लागायचा, सेकंडला मध्यरात्री, थर्डला सकाळी. रविवार आला की बटण पुढे-मागे. कस्तुराबाई ते बघत होत्या, पण टाकीतलं आपल्याला काय कळतंय, म्हणून गप्प होत्या.

पावसाळा सरता सरता शिंपला उतरला. आधी ओठ आखडला, काठापर्यंत येईना. मग मध्यभागचं छिद्र, एरवी बटणाच्या काजाएवढं असणारं, आ वासल्यासारखं मोठं दिसायला लागलं. साहेबरावांनी मीठ मोजलं, चुना मोजला, पाण्याची ऊब बघितली. तक्त्यावरची टिंबं सगळी रेघांच्या आत, एका ओळीत. ते तक्त्याकडे बघायचे, शिंपल्याकडे बघायचे, आणि पुन्हा तक्त्याकडे.

"सगळं ओके आहे," ते म्हणायचे, तक्रार केल्यासारखे.

शेखर येऊन बघून गेला. बुडाशी रस पिणाऱ्या बारीक गोगलगायी लागल्यात का, ते आरसा धरून तपासलं. मासे चावतात का, हे बघायला तासभर स्टुलावर बसला. काहीच निघालं नाही. साहेबराव शिंपला उचलून दाखवायला निघाले, तर त्याने हात धरला.

"ओढू नका, भाऊ. तंतूंनी दगड धरलाय त्याने. तुटले तर आजच जाईल." मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "पाणी माझ्या दुकानापेक्षा चांगलं ठेवलंय तुम्ही. म्हणूनच कळत नाही. पण हे असं चाललं तर महिनाही काढायचा नाही."

त्या दिवसापासून साहेबराव ताट घेऊन टाकीशेजारीच जेवायला बसू लागले. कस्तुराबाईंचं निराळंच. त्यांना आपली अट आठवत राहायची आणि ती घालताना आवाज जरा चढलाच होता, हेही. संध्याकाळी त्या टाकीपुढे बसून मैत्रीभावना करायच्या. सगळ्या प्राण्यांचं भलं चिंतून झालं की एक जास्तीचं, नाव घेऊन.

शालनबाईंचा उपाय तयारच होता. "दिष्ट लागली आसंल. मी लई वेळ बगितला व्हता न्हवं? मीठ-मोहऱ्या उतरून टाक."

"आमच्यात नाही हो तसलं," कस्तुराबाई म्हणाल्या. "आणि मिठातच तर बसलाय तो."

उलगडा झाला रविवारी दुपारी. सेकंड संपली होती, थर्ड लागायची होती. साहेबराव टाकीशेजारच्या खुर्चीत ताट घेऊन बसले आणि तिसऱ्या घासाला बसल्या जागी थांबले. झोपले म्हणावं तर डोळे अर्धे उघडे, जागे म्हणावं तर हाक ऐकू येईना. तोंड वासलेलं, ओठ सुकलेले, चेहरा आत ओढलेला. कस्तुराबाई ताट उचलायला वाकल्या आणि त्यांची नजर काचेत गेली. दगडावर शिंपला तसाच, अर्धवट उघडा, आखडलेला, ना झोप ना जाग.

त्या ताट हातात घेऊन उभ्याच राहिल्या. आधी त्यांना हसू फुटलं. मग हसू गेलं, कारण यातला एक चेहरा त्यांच्या लग्नापासूनच्या ओळखीचा होता. शिफ्ट बदलली की दोन दिवस हा असाच असायचा. तिसऱ्या दिवशी कुठे माणसात यायचा, आणि अंगवळणी पडतंय तोवर पुन्हा रविवार.

साहेबराव दचकून उठले, तोंड पुसलं आणि सवयीने दिव्याच्या बटणाकडे वळले.

"हात लावू नका त्याला," कस्तुराबाई म्हणाल्या.

"अगं, उद्यापासून थर्ड आहे."

"तुम्हाला. त्याला कोणी लावलं कामाला?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही त्याची शिफ्ट बदलताय दर आठवड्याला. आजारी नाही तो. दमलाय."

साहेबरावांना आधी राग आला. "रोज दहा तास उजेड देतोय मी त्याला. एक मिनिट कमी नाही. विचार त्या बटणाला."

"तुम्हालाही आठ तास झोप मिळते की. मग आत्ता भात खाता खाता काय झालं?"

साहेबराव खाली बसले. तक्त्याकडे बघितलं. त्यावर सगळ्याची रेघ होती, पण उजेड कितीला लागतो याची नव्हती. ते कुणी मोजायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या कंपनीतही ते कुणी मोजत नाही.

"कशाला पण असं करत होतात?" कस्तुराबाईंनी आता हळू विचारलं. "दिवसा लावला असता तरी कधी ना कधी दिसलाच असता."

साहेबराव काचेवरचा डाग अंगठ्याने पुसत राहिले. "मी येतो तेव्हा घरात कुणी झोपलेलं, नाहीतर बाहेर गेलेलं असतं. भाग्यश्री निजलेलीच बघितली मी, दहावी होईस्तोवर. वाटलं, हा तरी आपण आलो की जागा असावा."

कस्तुराबाईंना यावर पुष्कळ बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, "भात गरम करू का?"

दिवा सकाळी लागून संध्याकाळी मालवेल असा लावला गेला, आणि साहेबरावांनी बटणावर चिकटपट्टी मारली. कंपनीत चुकीच्या बटणावर मारतात तशी, लाल. शेखरला फोन झाला. तो म्हणाला, "भाऊ, हे विचारायचं मला सुचलंच नाही. असं कोण करतं हो?"

"चाकणला सगळेच करतात," साहेबराव म्हणाले.

थर्डचा आठवडा गेला, शिंपल्यात फरक नाही. फर्स्टचा गेला, छिद्र जरासं लहान वाटलं. पण साहेबराव म्हणाले, "तुला वाटतंय तसं," आणि कस्तुराबाईंनाही खात्री देता येईना. मग सेकंड लागली. सोमवारी कामावरून आले तेव्हा टाकी काळोखी होती. तसेच जाऊन झोपले.

मंगळवारी सकाळी दिवा लागला तेव्हा कस्तुराबाई बुद्धमूर्तीपुढची फुलं बदलत होत्या. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात या वेळी उठलेला नवरा त्यांनी आजवर पाहिला नव्हता. साहेबराव डोळे चोळत काचेशी बसले. बराच वेळ काही झालं नाही. मग शिंपीच्या फटीतून निळी कड दिसली, थोडी पुढे आली, थांबली, आणि हळूहळू लाटेसारखी सगळ्या काठावरून बाहेर सांडली.

साहेबरावांनी हाक मारली नाही, नुसता हात मागे करून बोटांनी बोलावलं. दोघं बघत बसली. चहा गार झाला.

जरा वेळाने ते म्हणाले, "तुझी वंदना राहिली ना माझ्यामुळे?"

"झाली असती एव्हाना. मनातल्या मनात म्हणते मी."

"का?"

"तुम्ही झोपलेले असता म्हणून."

साहेबराव खुर्चीवरून उतरले आणि सतरंजीचं टोक ओढून तिच्यावर बसले. "आज जागा आहे. म्हण की मोठ्याने."

कस्तुराबाईंनी मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली. पहिली ओळ त्यांनी हळूच म्हटली, कारण या खोलीत आपला आवाज कसा लागतो हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. दुसरी मोकळ्या आवाजात. साहेबराव मागून म्हणत होते, शब्द चुकवत, पण हात नीट जोडून.

वंदना संपते न संपते तोच जिन्यातून शालनबाईंचा आवाज आला.

"कस्तुरे, कोन पाव्हणं आलंय का गं सकाळच्या पारी?"

"नाही हो," कस्तुराबाईंनी आतूनच सांगितलं, "घरातलेच आहेत."