पुढच्या चाकाचा टायर

त्याला सगळे नख्या म्हणत. अर्थात पाठीमागे; तोंडावर म्हणायची कोणाची बिशाद! सायकलदुरुस्तीचं दुकान, मागे दोन खोल्या आणि त्या खोल्यांत तो आणि त्याची धाकटी बहीण. आईवडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिच्या वेण्या घालण्यापासून तिला सायकल शिकवण्यापर्यंत सगळं यानंच केलं. लग्नाचा विषय निघाला की म्हणायचा, "एक पोर सांभाळताना नाकी नऊ आलेत, आणखी कशाला?"

नख्या हे नाव पडलं त्याच्या खोडीवरून. टायर हातात आला की आधी अंगठ्याचं नख त्याच्यावरून गोल फिरवणार. हवा नंतर, बोलणं नंतर. गिऱ्हाइकांचा प्रश्न ठरलेला, "ट्यूबलेस आहे, किती टिकेल?" हा उखडायचा. "गुळगुळीत रस्त्यावर पाच हजार किलोमीटर जाईल. खाणीच्या रस्त्यावर दोन हजारांत मान टाकेल. आणि आतलं सीलंट सुकलं असेल तर उद्याच जाईल. मी काय ज्योतिषी आहे?"

ट्यूबलेसवर त्याचा मनातून रागच होता. ट्यूबचा टायर बिचारा खडा घुसला की लगेच बसतो, बोंब मारतो. हा मात्र गप्प. आतलं दुधासारखं सीलंट भोक बुजवतं आणि चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. "सोसून सोसून एक दिवस जातो तो, न सांगता," असं तो म्हणायचा आणि गिऱ्हाईक हसायचं.

बहीण रोज डोंगरावरच्या दवाखान्यातून रक्ताचे नमुने खाली प्रयोगशाळेत पोचवायची. खाणीच्या ट्रकांनी रस्ता कायम तुंबलेला, म्हणून सायकल. उतारभर धारदार खडी, वरून ऊन. दोन महिन्यांत तिचा मागचा टायर झिजून पार सपाट झाला. नवा मागवला, पण यायला आठ दिवस होते.

आणि तिथे यानं माती खाल्ली. मागचा टायर पुढे लावला, पुढचा मागे. अहो, सगळेच मेकॅनिक करतात! वजन मागच्या चाकावर, म्हणून ते आधी झिजतं; अदलाबदल केली की थोडे दिवस निघतात. पण उतारावर मागचा टायर गेला तर सायकल सावरता येते, पुढचा गेला तर माणूस तोंडावर आपटतो. हे दहा जणांना ओरडून सांगणारा हाच बाबा. 'आठ दिवसांचा तर प्रश्न आहे,' असं त्यानं स्वतःला समजावलं. नख फिरवताना कडेला एके ठिकाणी जरासं अडकलं होतं. सीलंटनं धरलेली जुनी चीर असेल, म्हणून त्यानं सोडून दिलं.

सहाव्या दिवशी सकाळीच नवा टायर आला. बहीण केव्हाच डोंगरावर गेली होती. सवयीनं त्यानं नव्यावरून नख फिरवलं. कुठे अडकलं नाही आणि त्याला ती जुनी चीर आठवली. त्या दिवशी नखाला लागलं ते रबर नव्हतं, टायरला धरून ठेवणारा आतला धागा होता. सीलंट भोक बुजवतं, तुटलेला धागा नाही जोडत. हे त्याला तेव्हाही कळायला हवं होतं.

तिचा फोन लागेना. दवाखान्यात लावला. नर्स म्हणाली, "ती निघाली की! दहा मिनिटं झाली."

दुकान उघडं टाकून तो सायकलवर सुटला. चढाच्या तोंडाशी ट्रक उभे होते, एकामागे एक, इंजिनं बंद. खाणीचा रस्ता एवढा शांत त्यानं कधी ऐकला नव्हता. एका ट्रकचा क्लीनर खाली उतरून वर बघत होता. "काय झालं?" यानं विचारलं.

"कोणीतरी पडलंय म्हणे. सायकलवालं."

सायकल टाकून तो ट्रकांच्या कडेनं पळत वर गेला, देवाला काय काय कबूल करत.

ती जिवंत होती. रस्त्याच्या कडेला बसली होती, अर्धा चेहरा सोललेला, एक खांदा खाली लोंबलेला, नमुन्यांची पेटी मांडीवर घट्ट. तिच्यापासून हातभर अंतरावर ट्रकचं चाक थांबलं होतं. ट्रकचा ड्रायव्हर ओरडत होता, "घरून निघताना टायर बघायचा नाही का? माझ्या चाकाखाली आली असतीस ना!"

"ओ, तोंड सांभाळून बोला!" ती कण्हत म्हणाली. "टायर माझ्या दादानं लावलाय. दादानं लावलेला टायर असा जात नसतो. ब्रेक दाबायला मीच चुकले."

तो तिच्या मागेच उभा होता. गप्प राहिला असता तर कोणाला कळणार होतं? पण ती त्याच्यासाठी भांडत होती आणि ते त्याला ऐकवेना.

"टायर झिजलेला होता," तो म्हणाला. "मला माहीत होतं. तरी पुढे लावला."

तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "माहीत होतं?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. ती ओरडली असती, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं फक्त पेटी त्याच्याकडे सरकवली. "ही बारापर्यंत पोचव. उशीर झाला तर नमुने वाया जातील."

ड्रायव्हरनं केबिनचं दार उघडलं, दवाखान्यात न्यायला. दादानं वाकून हात पुढे केला. तिनं तो पाहिला आणि ड्रायव्हरचा हात धरून उठली.