सुई माझ्या गुडघ्यात, कळ ताईला

आधीच सांगते, भूतबित, करणीबिरणी... माझा कशावरही विश्वास नाही. कोकणातले काका असले किस्से सुरू करायचे तेव्हा मी सरळ उठून जायचे. म्हणून आज हे लिहिताना माझाच मला राग येतोय.

मी घाटकोपरला राहते, कबड्डी खेळते. पकड करताना उजव्या गुडघ्याचं लिगामेंट अर्धं फाटलं. आणि एका बँकेच्या महिला संघाची निवड चाचणी अगदी तोंडावर! निवड झाली तर पक्की नोकरी, नाहीतर वय संपतंय. डॉक्टर म्हणाले, पीआरपी करू. म्हणजे माझंच रक्त काढायचं, मशीनमध्ये गरगर फिरवायचं आणि वेगळं झालेलं पिवळं पाणी गुडघ्यात टोचायचं. "नंतर दोन-तीन दिवस चांगलंच दुखेल हां," असंही बोलले.

मुलुंडच्या क्लिनिकमध्ये दुपारी सुई गेली... आणि मला काहीच नाही. ना कळ, ना सूज. म्हटलं, झकास!

संध्याकाळी ताई मरोळच्या ऑफिसातून लंगडत घरी आली. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, आमच्याच कबड्डी मंडळाची जुनी कॅप्टन. तिचाही उजवाच गुडघा गेला होता, खेळतानाच. तेव्हापासून मांडी घालणं बंद.

"दुपारपासून कोणीतरी सुई खुपसल्यासारखं होतंय गं."

तिने सलवार वर केली. गुडघ्याच्या बाजूला लाल टिपका, सूज. मी माझी पट्टी काढली — टिपकासुद्धा नाही!

"मच्छर चावला असेल," आई बोलली. मच्छर! माझं डोकंच फिरलं.

पुढे काही आठवड्यांनी ताई जेवायला चक्क मांडी घालून बसली. आई वाढता वाढता रडायला लागली. मलाही आनंद झाला, नाही असं नाही. पण यार, माझा गुडघा होता तिथेच! चाचणीला मी मैदानाबाहेर पाय लांब करून बसले. ताईचं खेळातून नोकरी मिळायचं वय कधीच उलटलंय, तिला काय उपयोग त्याचा?

डॉक्टरांना सगळं सांगितलं. म्हणे, प्रत्येकाचं शरीर वेगळं रिस्पॉन्ड करतं. अहो, पण शरीरच वेगळं होतं ना!

शेवटी मी ताईवरच ओरडले, "सुई मला टोचली ना? मग तू कशी बरी झालीस?"

ती शांतपणे बोलली, "कबड्डीत पॉइंट आला की बाहेर बसलेल्यांतली कोण उठून परत आत येते गं? जी आधी बाद झाली ती."

दुसरं कुठलंही उत्तर मला आजपर्यंत कोणी दिलेलं नाही.

आता या वर्षाची शेवटची चाचणी उरलीय आणि पुढच्या आठवड्यात दुसरं इंजेक्शन. आमच्या मंडळात गुडघे गेलेल्या मुली काय कमी आहेत? माझ्या आधी अजून कोण कोण बाहेर बसलंय, एवढं तरी मला कोणी सांगेल का?