आरशातली डावखुरी

आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये टीव्ही खुर्च्यांच्या मागे टांगलाय. त्यामुळे दाढीला बसलेला माणूस तो आरशातच बघतो. परवा फुकटच्या चॅनेलवर पलीकडच्या बिल्डिंगमधल्या वैशालीची लढत लागली. ती व्यावसायिक बॉक्सर आहे हे मला तेव्हाच कळलं. गालाला फेस तसाच ठेवून आम्ही सगळे आरशाकडे बघत बसलो होतो.

आज ती दारावरून चालली होती. सलूनवाले दिनूभाऊ वस्तरा ठेवून धावले. "पोरी, काय तो डावा हात! डावखुऱ्यांच्या नादी कुणी लागू नये!"

"काका, मी उजवी आहे," ती हसली. "तुम्ही आरशात बघितलंत."

दिनूभाऊ ओशाळले. ती म्हणाली, "असू दे. आधीच्या लढती पैसे भरून बघायच्या अ‍ॅपवर झाल्या. जिंकले, तरी गल्लीत कुणाला पत्ता नव्हता. आता तेच अ‍ॅपवाले दुप्पट मानधन देतायत. मी नाही म्हटलं. पुढची लढत कमी पैशात, पण पुन्हा फुकटच्याच चॅनेलवर."

"का गं?" मी खुर्चीतूनच विचारलं.

"अजून खूप सलूनं राहिलीत, काका. आधी तिथे पोचते. मग माझा भाव मी सांगेन."

ठोसा तोच, घामही तोच. पण बघणारं कुणी नसलं, की त्याची किंमत दुसरेच ठरवतात. ओळख उलटीसुलटी का होईना, आधी व्हावी लागते.

दिनूभाऊंनी माझी मान सरळ केली. आरशात ती जाताना दिसली, डावी मूठ घट्ट वळलेली.

म्हणजे उजवी.