पाहुण्यांसाठी काढलेल्या तारा

माझा खालचा जबडा लहानपणापासून पुढे. पुढचे दात एकमेकांना लागायचेच नाहीत; भाकरीचा तुकडासुद्धा मान वाकडी करून दाढेनं तोडायची. पुण्याहून महिन्यातून एकदा कोल्हापुरात येणारे दातांचे डॉक्टर म्हणाले, आधी तारांनी दात जागेवर आणू, मग पुण्यात जबडा कापून मागे घेऊ. नीट चावता येईल, एवढंच मला ऐकू आलं.

एक्स-रेत जबड्यात डावीकडे पांढरा डाग निघाला. आई रडायलाच लागली. डॉक्टरांनी समजावलं, "कॅन्सर नव्हे. तिथलं हाड दगडासारखं घट्ट झालंय. त्याला हात लावायचा नाही. पण तिथले दात फार हळू सरकतील, जोर केला तर मुळं झिजतील. दम धरा." ऑपरेशनआधी हनुवटी आणखी पुढे दिसेल, हेही त्यांनी बजावलं होतं.

मी दीड-दोन वर्षं दम धरला. हनुवटी खरंच पुढे दिसायला लागली, आणि नेमकं तेव्हाच शिरोळचं स्थळ आलं.

"तोंडात लोखंड घिऊन पावण्यांपुढं बसणार व्हय?" वडील कडाडले. "परत लावता येत्यात की!" मी नको नको म्हणत असताना मला दुसऱ्याच दातवाल्याकडे नेऊन त्यांनी तारा काढायला लावल्या. पाहुणे येणार म्हणून घर झाडतात, तसं माझं तोंड झाडून घेतलं! आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

पाहुण्यांनी पोहे खाल्ले, मला चालायला लावलं, हसायला लावलं. "पोरगी बरी हाय, पण हनुवटी लईच पुढं हाय की," म्हणाले आणि निघून गेले.

मग दुसरं स्थळ येईल, तिसरं येईल, म्हणून वडील मला डॉक्टरांकडे नेईचनात. नेलं तोवर कित्येक महिने उलटले होते. डॉक्टरांनी नवा एक्स-रे बराच वेळ उजेडात धरला.

"दात होते तिथं परत गेलेत. डागाजवळच्या दातांची मुळं आधीच झिजलीत. पुन्हा ओढले तर दात पडतील, आणि दात जुळल्याशिवाय जबडा कापून उपयोग नाही. आता ऑपरेशन नाही करता येणार."

वडिलांनी टोपी सारखी केली आणि विचारलं, "मग आता पुढच्या पावण्यांस्नी काय सांगायचं?"

"काय बी सांगा," मी डॉक्टरांसमोरच ओरडले. "मी न्हाय बसणार कुणाफुडं."

आणि नाही बसले. कधीच.