आमच्याकडे गिऱ्हाईक वाकतं

चपलेचं माप देताना तुम्ही कधी स्वतः खाली वाकला आहात का? खरं सांगा. तुम्ही पाय पुढे केला असेल आणि दुसरंच कुणीतरी वाकलं असेल. त्या माणसाचा चेहरा आठवतो? नाही आठवणार. वरून बघणाऱ्याला फक्त टाळू दिसते.

मेहकरला बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत, सरकीच्या एका जुन्या गोदामात, माझा चपलांचा कारखाना आहे. गल्लीतले लोक त्याला 'बायकांचं दुकान' म्हणतात. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं आम्ही वापरतो. चपलेचा भाव ती शिवणारी बाई ठरवते, मी नाही, आणि तो भाव दारावर खडूने लिहिलेला असतो. प्रत्येक जोडाच्या तळाशी शिवणारीचं नाव ठसवलेलं असतं. फक्त नाव. आडनाव नको, असं आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवलं.

आणि एक नियम आहे. इथली कुणीही बाई गिऱ्हाईकाच्या पायाशी बसत नाही. कागद जमिनीवर गिऱ्हाईकाने ठेवायचा, पेन्सिल त्याने धरायची, वाकायचंही त्यानेच.

सुरुवातीला या नियमाने आमची फार फजिती केली. माणूस स्वतःच्याच पायाभोवती रेघ मारायला वाकला की त्याचा भार चवड्यावर येतो, टाच उचलली जाते, पेन्सिल आत कलते. मापं चुकायची. चपला परत यायच्या आणि त्यांच्यासोबत शिव्याही. माझ्यासोबत पहिल्या दिवसापासून असलेली, मशीनवर बसणारी खाला म्हणायची, "बेटा, तुह्या उसुलानं लोकायच्या पायाले फोड आले. थोडं वाकलं तं मान तुटते का आपली?" मी हट्ट सोडला नाही. शेवटी तोड निघाली ती अशी, की येताना घरचं एक माणूस सोबत आणायचं. पाय ज्याचा त्याने ताठ उभं राहायचं, आणि सोबतच्याने वाकायचं. मापं बरोबर यायला लागली. गोदामात हसणंही यायला लागलं.

हा नियम मी शोधला नाही. तो मला बाबांच्या पत्रकांनी दिला.

बाबा लोणारच्या शाळेत मास्तर होते. शाळा सुटली की पत्रकं लिहायचे. गुलाबी, पिवळ्या, हलक्या कागदावर ती छापून यायची आणि आम्ही जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो. बोटांना शाई लागायची. बाकीची पोरं कमळ आणि बदक वाचून शिकली. मी 'हक्क' आणि 'धिक्कार' वाचून शिकले. बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं ती वाटायला जायचो. मेथीच्या जुड्या आणि मिरच्यांच्या ढिगांमधून बाबा पुढे, मी मागे. कुणी पत्रक न वाचताच त्यात भजी बांधून घेतली की मला रडू यायचं. बाबा म्हणायचे, "खाऊ दे. तेल पुसता पुसता एक ओळ तं वाचंन."

त्या ओळींतली एक मला आजही पाठ आहे: जे काम तुम्हाला वाकवतं, ते काम टाका.

आजोबा गावाच्या वहाणा करायचे. त्याबद्दल बाबा माझ्याशी एकदाच बोलले. लहानपणी ते आजोबांसोबत जायचे. आजोबा ओसरीच्या खाली मातीत बसायचे, वर बसलेल्या माणसाचा पाय मांडीवर घ्यायचे, वहाण चढवायचे आणि विचारायचे, "चावत तं नाही ना, मालक?" एवढं सांगून बाबा थांबले. पुढचं काही नव्हतंच. आजोबा गेल्यावर त्यांनी रापी, आरी, ठोकणी, सगळी अवजारं भंगारात घातली आणि गावोगाव फिरून आपल्या लोकांना तेच सांगितलं.

स्वतः बाबा कायम बूट घालायचे. काळे, लेसचे, कारखान्यातले. रोज सकाळी दारात उभं राहून पॉलिश करायचे, बूट अंगणाच्या कमरेएवढ्या भिंतीवर ठेवून, न वाकता. मला वाटायचं, बाबांना बुटांचा शौक आहे. मोठी झाल्यावर कळलं. कारखान्यातून आलेल्या बुटाला कुणी विचारत नाही, तुला कुणी शिवलं. त्या बुटाला जात नसते.

पुण्यात शिकून मी एका निर्यात करणाऱ्या कंपनीत लागले. तिथले जोडे गल्लीबोळांतल्या बाया घरी बसून शिवायच्या. आपण शिवलेला जोडा कुठे जातो, कुणाच्या पायात जातो, त्यांना ठाऊक नव्हतं. आणि जोडा घालणाऱ्याला तर त्या जगात आहेत हेही ठाऊक नव्हतं. जोड्यावर नाव कंपनीचं. बाईचं कुठेच नाही. याला मी चोरी म्हणते. कायद्यात दुसरा शब्द असेल, मला त्याच्याशी घेणं नाही. मी राजीनामा दिला आणि लोणारला आले.

बाबा पॉलिश करत होते.

"धंदा? कायचा?"

"चपलांचा. मेहकरला."

ब्रश थांबला. "आम्ही ज्या उकिरड्यातून निंघालो, तिथंच तू बंगला बांधून राह्यली काय?"

"बाबा, काम वाईट नव्हतं. वाकवणं वाईट होतं."

"हे मले नको शिकवू. हे म्याच लिवलं."

"मग पुन्हा वाचा ना."

आतून आईचा आवाज आला, "दोघायचे पत्रकं वाटून झाले असतीन तं जेवाले या. भाकर थंडी होऊन राह्यली."

त्यांनी मला अडवलं नाही. पण आलेही नाहीत. आई यायची, वाद्या कापायला बसायची, संध्याकाळच्या गाडीने परत जायची. तिला मी दर वेळी विचारायचे, "बाबा काही म्हणाले?" ती म्हणायची, "तुहे बाबा विचारतात, गाडीत गर्दी होती का म्हनून."

मला त्यांनी यावं असं वाटत होतं. शाबासकीसाठी नाही. मला त्यांचं माप हवं होतं. कागदावर उभे राहतील, ताठ, आणि मी वाकेन. माझ्या बापासाठी मी वाकेन, आपल्या खुशीने, आणि त्या वाकण्यात कुणी मालक नसेल. हे एकदा झालं असतं तर आजोबांच्या त्या प्रश्नाला कुठेतरी उत्तर मिळालं असतं. म्हणून स्थानकावर लोणारची गाडी लागली की माझा हात थांबायचा. खाला बघायची आणि मशीन आणखी जोरात चालवायची.

मग एका हिवाळ्यातल्या दुपारी ते आले. दारातच उभे राहिले. बुटाला रस्त्याची धूळ, हातात आईने दिलेली बोरांची पिशवी. आत एक नवरा-बायको माप द्यायला आले होते. जवळच्या खेड्यातले, घरची शेती असलेले. बायको कागदावर उभी, आणि धिप्पाड नवरा गुडघ्यावर बसून तिच्या पायाभोवती पेन्सिल फिरवत होता.

"काऊन हो भाऊ," खाला मशीनवरून म्हणाली, "बायकोच्या पायाले पहिल्यांदाच हात लावून राह्यले का?"

"नाही हो खाला. लग्नात अंगठा धरला होता ना."

"धरला होता," बायको म्हणाली, "पन फोटोवाला निंघून गेल्यावर सोडला तो सोडलाच."

सगळं गोदाम हसलं. मी दाराकडे पाहिलं. बाबाही हसत होते. एक पाय त्यांनी उंबऱ्याच्या आत टाकला होता. मी कोरा कागद हातात घेतला.

नवरा उठला, गुडघे झटकले, मांडणीवरचा एक जोड उलटा करून तळाचं नाव वाचू लागला. "हे बेस हाय. पन आडनाव काऊन नाही?"

"नाव पुरतं," मी म्हटलं.

"तसं नाही हो ताई. सहज. तुम्ही कोनते?"

"आम्ही चपला बनवणारे."

"ते तं दिसतेच. पन म्हंजे, कोनते?"

खोटेपणा नव्हता त्याच्या आवाजात, हेटाळणीही नव्हती. पाहुण्याला पाणी विचारावं तसं त्याने विचारलं. मी उत्तराची जुळवाजुळव करत होते तेवढ्यात दारातून बाबा बोलले. हजेरी घ्यावी तशा आवाजात त्यांनी आमची जात सांगितली. ती मी इथे लिहीत नाही. कारण लिहिली तर तुम्हीही त्या माणसासारखंच म्हणाल.

तो म्हणाला, "हां! मंग बरोबर. म्हनूनच हात इतका बसला हाय. रक्तातच हाय ना."

तो तारीफ करत होता. माझा नियम त्याने पुरता पाळला होता. गुडघ्यावर बसला होता, हसला होता, भाव दारावरचा मान्य केला होता. आणि तरी एका शब्दात त्याने माझ्या बापाची सगळी मास्तरकी, सगळी पत्रकं पुसून टाकली. मी वाकणं उलटं करून दाखवलं होतं. तो शब्द मला उलटा करता आला नाही.

मी काहीतरी बोलले. तावातावाने बोलले. माणूस गोंधळला, त्याची बायको म्हणाली, "चला हो, तुम्हाले कुठं काय इचारावं समजत नाही." तोवर बाबांनी बोरांची पिशवी मांडणीवर ठेवली होती आणि ते स्थानकाकडे निघाले होते.

मी मागे धावले. कोरा कागद अजून हातातच होता.

"बाबा, माप तरी द्या."

"चांगलं काम हाय तुह्यं," ते म्हणाले. "खोटं नाही बोलत. शिवण चांगली, कातडं चांगलं. तो भाऊबी वाईट नव्हता."

"मग?"

"मले ते 'बरोबर' नाही ऐकवत, माय. लय वर्स नाही ऐकलं मी ते."

गाडी लागली होती. ते चढले. खिडकीतून त्यांनी हात बाहेर काढला तो निरोपाला की मला परत जा म्हणायला, मला समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बैठकीत म्हटलं, तळावरची नावं काढून टाकू. नाव नाही तर प्रश्नही नाही. खालाने मशीन बंद केली. "नाव नको काढू. मोठ्या मुश्किलीनं नाव दिसून राह्यलं आमचं. काढलं तं जोडा पुन्हा कोनाच्याच हातचा नाही." बाकीच्यांनी माना हलवल्या. नावं राहिली. तिचंही खरं आहे आणि बाबांचंही, आणि या दोन खऱ्यांच्या मधे मी रोज कातडं कापते.

बाबा त्यानंतर आले नाहीत. आईकडून बोरं येतात, हरभरा येतो. दुपारी लोणारच्या गाडीची घोषणा झाली की मी अजूनही दाराकडे बघते. ते येणारच नाहीत असं मला वाटत नाही. मात्र आत काय ऐकू येईल, याची खात्री मी त्यांना देऊ शकत नाही. ती माझ्या हातात नाही.

ती तुमच्या हातात आहे. म्हणून मागते. मेहकरला या, नाहीतर तुमच्या गावात जो कुणी शिवतो, विणतो, घडवतो त्याच्याकडे जा. वादी ओढून बघा, शिवण तपासा, चावत असेल तर भांडा. पण 'तुम्ही कोणते' हे विचारू नका. ओठांवर आलं तरी गिळा. सोबतच्याने विचारलं तर त्याला तिथेच, सगळ्यांसमोर थांबवा. मोठ्याने थांबवा, दारात उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.