केसांत दिसलेली कडी

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. चोरावर नाही, आमच्यावर.

दांडिया बाजारातल्या एका घरातून देवघरातली चांदीची भांडी गेली. दार आणि कुलूप शाबूत. घरमालक वजनदार गृहस्थ. चार दिवसांनी ते मोबाईलवर एक फोटो घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आले. एका प्रदर्शनात त्यांना तो दिसला होता. दार त्यांचंच, आणि दारात उभा पाणीगेट भागातला इस्त्रीवाला. म्हणाले, "पुरावा भिंतीवर टांगलाय साहेब, आता आणखी काय पाहिजे?"

इस्त्रीवाल्याला बोलावलं. पन्नाशीचा माणूस. एकच सांगत राहिला की त्या दारात तो कधी गेला नाही; एका मुलीने त्याचा फोटो काढला होता, पण तो पाणीगेटला, त्याच्या गाडीपाशी. फोटो समोर ठेवला तसा गप्प झाला. आम्ही ते गप्प होणं कबुलीसारखं धरलं. त्या मुलीला विचारावं, हे एकालाही सुचलं नाही.

प्रदर्शनवाल्यांकडून मूळ फाईल आणवून तपासणीला पाठवली. अहवाल आला : काढल्यानंतर फोटोत कोणताही फेरफार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. अहवालातलं इंग्रजी फडाफडा वाचता येतं, याचा मला तोरा होता. सातवी शिकलेले जमादार फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "साहेब, याच्या केसांत दाराची कडी दिसते." मी म्हटलं, अहवाल वाचा. तोवर पाणीगेटला बातमी पोचली होती. लोक इस्त्री न झालेलेच कपडे परत घेऊन गेले.

अहवालानंतर तिसऱ्या दिवशी ती कडी मलाही खुपायला लागली. मुलीला बोलावलं. फोटोग्राफी शिकणारी विद्यार्थिनी. तिने सांगितलं, कॅमेऱ्यातच एकावर एक दोन फोटो घेता येतात आणि फाईल एकच बनते. सकाळी दार घेतलं, दुपारी त्यावर इस्त्रीवाले काका. एका फोटोतल्या काळ्या भागात दुसरा फोटो उमटतो, म्हणून केसांत कडी. ज्यांच्या हातचे कपडे घरात जातात पण जे स्वतः दारातून आत जात नाहीत, अशा माणसांचे फोटो ती करत होती.

घरमालक तिथेच बसले होते. म्हणाले, ही पोरगी त्याला वाचवते आहे. मुलीने कॅमेरा उचलून लॉकअपच्या गजांचा फोटो घेतला, मग त्यावरच त्यांचा. पडद्यावर गृहस्थ लॉकअपमध्ये, काळ्या जाकिटावरून गज गेलेले.

"हे खोटं आहे. मी आत गेलोच नाही."

"तोही हेच सांगत होता, शेठ," जमादार म्हणाले.

मग जो प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा तो विचारला : घराच्या चाव्या कुणाकुणाकडे? भांडी करजण गावी, त्यांच्या सख्ख्या पुतण्याकडे निघाली. प्रकरण मिटवायला गृहस्थांनी खूप धावपळ केली. इस्त्रीवाल्याची माफी मागायला त्यांना वेळ नव्हता. मला तरी कुठे होता? मी महिन्याने गेलो, शर्ट देण्याच्या निमित्ताने.

पुरावा हाती आला की तो कुणी आणि कसा तयार केला, हे त्याच माणसाच्या तोंडून ऐकावं. एवढं शिकायला मला एका निरपराध माणसाचा धंदा लागला.

आजही माझे कपडे त्याच्याकडेच जातात. पूर्वी तो गाठोडं न उघडताच ठेवून घ्यायचा, असं शेजारी सांगतात. आता माझ्यासमोर प्रत्येक शर्टाचा खिसा उलटा करून दाखवतो. मी नको म्हणतो.

"पाहून घ्या, साहेब," तो म्हणतो.